मला काही विचारायचं नाही

"या, या, इकडे पंख्याखाली बसा," माझा भाऊ विश्वास म्हणत होता आणि मी स्वागताला खुर्चीतून उठत होते. पाहुणे दारात चपला काढत होते. आधी मुलाची आई आत आली, तिच्यामागून मुलगा. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि मी अर्धवट उठलेली तशीच धपकन खाली बसले.

अगं आई गं! हा?

त्याच्या आईनंही मला ओळखलं. तिनं झटकन पदर डोक्यावर ओढला आणि सगळ्यांत लांबच्या खुर्चीत अंग चोरून बसली. माझ्या भावजयीनं, सिंधूनं, पाण्याचा पेला दिला तर निम्मं पाणी तिनं साडीवर सांडलं.

"उन्हातून आलात ना, गरगरलं असेल," सिंधू म्हणाली.

उन्हाचं काय घेऊन बसलीस बाई! बाहेर ढग होते.

कोण तो मुलगा, हे सांगायच्या आधी एक सांगून ठेवते. यातली नावं मी बदलली आहेत. गावंसुद्धा. विश्वासच्या गावाला मी दौंड म्हणेन, पण ते दौंड नव्हे. मुलाला आपण तुषार म्हणू. आणि त्यानं सोळाव्या वर्षी काय केलं होतं ते मी सांगणार नाही, तुम्ही कितीही वाट बघा. किरकोळ नव्हतं, एवढं… झालं, एवढंसुद्धा मी बोलायला नको होतं.

मी परिविक्षा अधिकारी होते. म्हणजे अठराच्या आतल्या पोराच्या हातून गुन्हा घडला की त्याला बाल न्याय मंडळापुढे आणतात. तेव्हा त्याच्या घरी जायचं, आईबापांशी, मास्तरांशी बोलायचं, मंडळाला अहवाल द्यायचा, आणि पुढे पोरगं मार्गी लागतंय का ते बघायचं. अख्खी नोकरी यात गेली. कायदा सांगतो की अपिलाची मुदत संपली की असल्या पोराचे कागद नष्ट करायचे. त्यानं पुन्हा कोरं आयुष्य सुरू करायचं, कुणी मागचं काढायचं नाही. तुषारचे कागद माझ्या डोळ्यांदेखत नष्ट झाले होते. त्याच्या आईला मीच म्हटलं होतं, "आता जगात एक चिटोरा शिल्लक नाही. पोराला ताठ मानेनं जगू द्या."

कागद संपले तरी मी उरतेच ना! म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला होता. माझ्याकडून गेलेलं पोरगं पुढे कुठेही दिसलं, तरी आपण होऊन ओळख द्यायची नाही. त्यानं नमस्कार केला तर करायचा, नाहीतर तो माणूस आपण जन्मात बघितलेला नाही असं वागायचं. त्याच्याबरोबर बायको असेल, शेठ असेल, सासरा असेल. त्यांनी विचारलं, "या बाई कोण रे?" तर त्यानं काय सांगायचं? एकदा एका हॉटेलात असंच एक पोरगं माझ्या टेबलावर चहा घेऊन आलं. मी चहा प्याले, सुट्टे ठेवले, वर बघितलं नाही. मला त्या नियमाचा अभिमान होता. होता म्हणते, कारण ही गोष्ट त्याचीच आहे.

तर त्या दिवशी विश्वासच्या घरी तुषार वृषालीला बघायला आला होता. वृषाली म्हणजे माझी भाची. मी लग्न केलं नाही, तेव्हा माझं म्हणून जे काही लेकरू होतं ते हेच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करायची आणि मला सोडून घरात कुणाला भीक घालायची नाही.

स्थळ बघायचं म्हटलं की विश्वास मला फलटणहून बोलावून घ्यायचा. "आक्का, तू समोर बस. तुझ्या नजरेतून माणूस सुटत नाही," असं तो म्हणायचा, आणि मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मी मुलांची सालटी काढायचे. एकजण आला, मोठ्या कंपनीत इंजिनीअर म्हणे. मी विचारलं, कंपनीचं गेट कुठल्या रस्त्याला आहे हो? त्याला सांगता येईना. दुसऱ्याला विचारलं, भाजी कुठली आवडते? त्यानं आईकडे बघितलं. दोघांनाही आम्ही चहावर वाटेला लावलं. घरात त्यावरून चेष्टा चालायची, "आक्कांच्या कोर्टात जामीन नाही."

आणि आता विश्वास पाय पसरून, हसत हसत मला म्हणत होता, "हं आक्का, कर सुरू तुझी उलटतपासणी."

समोर भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर होतं. मी त्याच्याकडे बघत म्हणाले, "मला काही विचारायचं नाही."

"अं?"

"मला काही विचारायचं नाही. तुम्ही बोला."

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात थबकली. विश्वास माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं घसा खाकरला आणि आपणच काहीबाही विचारायला लागला, रांजणगावची कंपनी कशी आहे, शिरूरहून जायला बस आहे का, वगैरे. तुषार सरळ उत्तरं देत होता. मी कॅलेंडर सोडलं नाही.

उपीट आलं. सिंधूनं रीतीप्रमाणे विचारलं, "कसं झालंय? वृषालीनंच केलंय."

"मीठ राहिलंय," तुषार म्हणाला. "पण मी संपवलं."

वृषालीला जे हसू फुटलं ते थांबेना. इतक्या मुलांनी तिच्या हातचं काय काय गिळून "छान, छान" म्हटलं होतं. ती उठून मिठाचा डबाच घेऊन आली. एरवी मी टाळी दिली असती तिला. आज मात्र मी कॅलेंडरच्या तारखा मोजत होते. खरं सांगते, दुसऱ्या कुणाला एखाद्या स्थळाबद्दल असलं काही ठाऊक असतं, तर ते त्यानं मला सांगावं म्हणून मी त्याचे पाय धरले असते. इथे मलाच ठाऊक होतं आणि माझ्याच तोंडाला कुलूप होतं.

मी उठून मागच्या अंगणात गेले. तेवढ्यात हात धुवायला म्हणून तुषार नळावर आला.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला.

"कोण मॅडम? मी वृषालीची आत्या."

"हे तुमचं घर आहे हे मला माहीत नव्हतं. शप्पथ. नाहीतर आलोच नसतो."

"तुझं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं. हात धू आणि बाहेर जाऊन बस."

"मी सांगणार आहे त्यांना. काही ठरायच्या आधी, माझं मी. आई नको म्हणते, पण सांगणार आहे. फक्त…"

"तू कुणाला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मला काही माहीत नाही."

त्यानं हात धुतले. मग नळ बंद करून तो आत गेला. मला वाटलं, पोराचा जीव भांड्यात पडला असेल.

पाहुणे गेले. फाटक लागल्याचा आवाज आला आणि विश्वासनं बैठकीचं दार आतून लावून घेतलं.

"आक्का, तुझ्यातला आहे ना हा?"

"तुझ्यातला म्हणजे?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. तुझ्या पोरांतला. काय केलं होतं यानं?"

मी एक अक्षर बोलले नव्हते. एक अक्षर नाही!

"मी कुठे काय म्हटलं?" मी म्हणाले.

"तेच तर! तू काहीच म्हटलं नाहीस. त्या इंजिनीअरला तू कंपनीचं गेट विचारलंस. दुसऱ्याच्या चुलत्याचं दुकान कसं चालतं ते विचारलंस. आणि याला काही नाही? भिंतीकडे तोंड करून पुतळ्यासारखी बसलीस. आम्हाला काय कळत नाही होय? इतकी वर्षं बघतोय आम्ही."

"काय बघताय?"

"तू बसमध्ये कंडक्टरशी बोलतेस, भाजीवालीच्या नातवाचं बारसं विचारतेस. आणि मधेच एखाद्यासमोर अशी दगड होतेस. तिथे आम्ही समजून जातो. तुझी नोकरी, म्हणून कधी तोंडावर विचारलं नाही, एवढंच. स्टँडजवळचा रसवंतीवाला. मी त्याच्याकडे पाऊल टाकत नाही तेव्हापासून."

सिंधू पुढे झाली. ती स्वभावानं गरीब, तिला वाटलं ती माझीच बाजू घेतेय.

"तुमच्यामुळे सावध तरी झालो, वन्सं. तो कोपऱ्यावरचा टेलर नाही का? तुम्ही माझ्याबरोबर आला होतात आणि एक शब्द न बोलता भिंतीकडे बघत बसलात. मी त्याच दिवशी ब्लाउजपीस परत घेऊन आले. गल्लीतल्या चार बायकांनाही सांगितलं, जरा जपून म्हणून. गेलाच की तो दुकान बंद करून."

देवा रे देवा. तो टेलर माझा नव्हताच हो! मी त्याला आधी कधी बघितलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती!

ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. "अगं, तो बिचारा माझ्यातला नव्हता," असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण टेलर नव्हता म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार, मग रसवंतीवाला? त्याच्याबद्दल मी गप्प बसले की झालं, मीच सांगितल्यासारखं. म्हणून मी टेलरबद्दलही गप्प बसले. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं. फायली नष्ट करून आम्ही निश्चिंत झालो होतो, आणि माझ्या गप्प बसण्याची फाईल या घरात पानापानानं वाढत होती. ती वाचता येत होती सगळ्यांना, मला सोडून.

"बोल, आक्का," विश्वास माझ्यासमोर स्टूल ओढून बसला. त्याचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "माझी एकुलती एक पोर आहे. चोरी होती का? का कुणाच्या जिवाचं काही? बाईमाणसाचं काही होतं का? एवढं तरी सांग."

"मला काही माहीत नाही."

"मान हलव नुसती."

"नाही, विश्वास."

"मला नाही म्हणतेस? माझ्यापेक्षा तो मोठा झाला का गं तुला?"

मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्याचाही त्यानं अर्थ काढला असता. मी म्हणाले, "त्याला परत बोलाव. आत्ताच्या आत्ता. मी विचारते त्याला सगळं, इतरांना विचारते तसं. पगार, घर, दारू, सगळं. मग तू ठरव."

"आता काय उपयोग? कळायचं ते कळलं." त्यानं मोबाइल काढला आणि माझ्यासमोर तुषारच्या आईला फोन लावला. "नमस्कार. नाही, मुलगा चांगला आहे हो, प्रश्नच नाही. फक्त पत्रिका जुळत नाही. हो, हो. काही मनावर घेऊ नका."

वृषाली इतका वेळ दाराला टेकून उभी होती. "मला कुणी विचारणार आहे का?" ती म्हणाली.

"तू आत जा," विश्वास म्हणाला.

मी पिशवी उचलली. सिंधू म्हणाली, जेवून तरी जा, वन्सं. मी चपला घातल्या. वृषालीनं खिळ्यावरची स्कूटीची चावी काढली आणि बापाकडे न बघता म्हणाली, "आत्या, चल, सोडते तुला स्टँडवर."

स्टँडवर माझी बारामती-फलटण गाडी लागायची होती. शेडखालच्या बाकावर बघते तर तुषार आणि त्याची आई. त्यांची शिरूर गाडी आली नव्हती. आईच्या हातात मोबाइल तसाच होता, जणू विश्वास अजून पलीकडे बोलत होता.

मला बघून ती उठली आणि सरळ माझ्या अंगावरच आली.

"पत्रिका जुळत नाही म्हणे! मॅडम, पत्रिका तर तुम्ही मागितलीच नव्हती. आम्ही दिलीच नव्हती." तिनं मोबाइल माझ्यासमोर नाचवला. "तुम्ही सांगितलंत ना? एक चिटोरा शिल्लक नाही म्हणाला होतात मला. माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतात."

"आई, हळू," तुषारनं तिला धरलं. "त्या काही बोलल्या नाहीत."

"मग त्यांना कळलं कसं?"

"त्या काही बोलल्या नाहीत म्हणूनच कळलं." तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "आमच्या मध्यस्थांनी सांगितलं होतं, मुलीची आत्या लई कडक आहे, सालटी काढते. मी तयारी करून आलो होतो, मॅडम. काल आईला बसवून प्रश्न विचारायला लावले. वाटलं होतं, इतरांसारखं आपल्यालाही कुणीतरी खोदून खोदून विचारणार. आणि तुम्ही म्हणालात, याला काही विचारायचं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ते कागद अजून आहेत."

मी बाकावर बसले. सांभाळायचं म्हणून मी ज्याला वेगळं काढत आले, त्याला मी नुसतंच वेगळं काढलं होतं. नोकरीभर. किती पोरांना, कुणाकुणासमोर, ते देवच जाणे. त्या हॉटेलातल्या पोराचं काय झालं असेल, तिथल्या मालकानं काय बघितलं असेल, कल्पनेनंच मला दरदरून घाम फुटला.

गाडीची वाट बघणारी माणसं आमच्याकडे बघत होती. वृषाली स्कूटी लावून मागे येऊन उभी राहिली होती. मी पदरानं तोंड पुसलं आणि ताठ बसले.

"पगार किती पडतो हातात?" मी विचारलं.

तुषार गोंधळला. "अं?"

"ऐकू येत नाही का? पगार."

"एकवीस हजार."

"कापून?"

"कापून."

"घर?"

"भाड्याचं आहे. दोन खोल्या."

"कंपनीचं गेट कुठल्या रस्त्याला?"

तो इतका वेळ धरून होता, पण इथे त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नगर रस्त्याला. समोर वजनकाटा आहे."

"दारू?"

"नाही. कंपनीच्या पार्टीत एकदा बिअर घेतली होती. आवडली नाही."

"भाजी कुठली आवडते? आईकडे बघू नकोस."

"दोडका."

"दोडका कुणाला आवडतो का? खोटं बोलतोस."

"खरंच आवडतो, मॅडम."

"मॅडम नाही. आत्या म्हण. राग आला की काय करतोस?"

त्याची आई एकदम श्वास रोखून माझ्याकडे बघायला लागली.

"घराबाहेर पडतो," तो म्हणाला. "चालून येतो. लांब जावं लागलं तरी जातो, पण तिथे थांबत नाही."

"आणि आज? आज राग आला नाही माझा?"

"आला की. म्हणून तर रिक्षा केली नाही, स्टँडपर्यंत चालत आलो. आईला उगीच त्रास."

मी नाक ओढलं. माझी गाडी फलाटाला लागली, कंडक्टर "बारामती, फलटण" ओरडायला लागला. मला अजून पुष्कळ विचारायचं होतं. भांडी घासतोस का, आजारी माणसाचं करशील का, मुलगी आवडली का. तेवढ्यात वृषालीनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"आत्या, तुझी गाडी लागली. जा तू, जागा पकड," ती म्हणाली, आणि स्कूटीची चावी पर्समध्ये टाकून त्या बाकावर तुषारच्या आईशेजारी जाऊन बसली. "पुढचं मी विचारते."